चार मिनिटं वीस सेकंदांनी थांबणारा कॅमेरा

तारापूरच्या अणुवीज केंद्रातल्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ साली वीज देऊ लागल्या. त्या काळच्या कारखान्यांत तापमान दाखवणाऱ्या प्रत्येक काट्याला, दाबाच्या प्रत्येक मापकाला नियंत्रण कक्षापर्यंत बहुधा स्वतःची तांब्याच्या तारांची जोडी असे. जोडी तुटली तर तेवढा एकच काटा बंद पडायचा. आज शेजारच्या बोईसरच्या एमआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, रसायनं, औषधं, कापड, पोलाद असं काहीही बनत असो, नव्या कारखान्यात पीएलसी (यंत्रं चालवणारे छोटे संगणक), मोटरींचे ड्राइव्ह, कॅमेरे, सगळे बहुधा त्याच इथरनेट केबलवर आणि त्याच स्विचवर येतात. कुणाची माहिती कुणाकडे जायची हे आता तो स्विच ठरवतो. ते नीट ठरावं म्हणून त्यात ‘आयजीएमपी स्नूपिंग’ नावाचं एक सेटिंग असतं. ते अर्धवट केलं की एक चमत्कारिक बिघाड होतो: कॅमेऱ्याचं चित्र छान सुरू होतं आणि सव्वाचार मिनिटांच्या सुमारास थांबतं.

रसायनांच्या कारखान्यात रिअॅक्टरजवळच्या एका कॅमेऱ्याचं चित्र तीन ठिकाणी हवंय असं धरू: कंट्रोल रूम, गेटवरची सुरक्षा चौकी आणि रेकॉर्डर. कॅमेऱ्याने प्रत्येकाला वेगळी प्रत पाठवली तर त्याच्यावरचा भार तिप्पट. त्यापेक्षा त्याने एकच प्रत एका गटाच्या पत्त्यावर सोडावी आणि ज्याला हवी त्याने घ्यावी, हा झाला मल्टिकास्ट. २२४ पासून २३९ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होणारे आयपी पत्ते यासाठीच राखलेले आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीव्ह डीअरिंग यांनी ही कल्पना उभी केली, ऑगस्ट १९८९ मध्ये तिचं मानक प्रसिद्ध झालं आणि मार्च १९९२ मध्ये सॅन दिएगोतल्या इंटरनेट अभियंत्यांच्या बैठकीचा आवाज याच पद्धतीने तीन खंडांत ऐकला गेला.

अडचण स्विचपाशी येते. कोणतं यंत्र कोणत्या पोर्टवर आहे हे स्विच शिकतो ते पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता वाचून. गटाचा पत्ता पाठवणाऱ्याच्या जागी कधीच येत नाही, म्हणून तो स्विचला कधीच शिकता येत नाही. मग साधा स्विच ते पाकीट सगळ्याच पोर्टांवर सोडून देतो. चार मेगाबिटचे तीस कॅमेरे म्हणजे सेकंदाला १२० मेगाबिट. पीएलसीचा पोर्ट बऱ्याचदा १०० मेगाबिटचाच असतो. त्या लोंढ्यात झडप बंद करण्याचा संदेशही अडकू शकतो, गळून पडू शकतो. ज्वलनशील द्रावकं हाताळणाऱ्या वसाहतीत ही गोष्ट ‘नेट स्लो आहे’ म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

स्नूपिंग चालू केलं की स्विच यंत्रांचं बोलणं ऐकू लागतो. ‘मला अमुक गट हवा’ असा निरोप ज्या पोर्टवरून आला, तो पोर्ट यादीत चढतो आणि त्या गटाचं चित्र फक्त तिकडेच जातं. पण कान देऊन ऐकायचं तर कुणीतरी बोलायला हवं. बोईसरमध्ये एकटे राहणारे कामगार खानावळीचा डबा लावतात. मावशी रोज खोल्याखोल्यांत विचारतात, ‘उद्या डबा हवा का?’ आणि डबे पोहोचवणारा पोरगा उत्तरं ऐकून आपली यादी ठेवतो. मावशी गावाला गेल्या, कुणी विचारलंच नाही, तर कुणी उत्तरही देत नाही आणि पोरगा एकेक खोली खोडत जातो. खोलीतल्या माणसाला मात्र डबा हवाच असतो.

विचारण्याचं हे काम नेटवर्कमध्ये ‘क्वेरिअर’ करतो. तो साधारणपणे दर १२५ सेकंदांनी प्रश्न टाकतो आणि उत्तरासाठी दहा सेकंद देतो. दोन फेऱ्या आणि वर दहा सेकंद, म्हणजे २६० सेकंदांत उत्तर आलं नाही की पोर्ट यादीतून जातो. चार मिनिटं वीस सेकंद ती हीच. सुरुवातीला चित्र दिसतं, कारण पडदा चालू होताच तो न विचारता स्वतःहून एक निरोप पाठवतो. पुढे प्रश्नच येत नाही, म्हणून निरोपही नाही. मोठ्या कार्यालयात हे विचारण्याचं काम मल्टिकास्टसाठी तयार केलेला राऊटर करतो. कारखान्याच्या शेडमधलं नेटवर्क बऱ्याचदा सुरक्षेसाठी मुद्दाम बाहेरच्या नेटवर्कपासून तोडलेलं असतं, तिथे राऊटरच नसतो. तेव्हा स्नूपिंगबरोबर मधल्या मुख्य स्विचवर क्वेरिअरही चालू करावा लागतो. आळस होतो तो इथे. मेनूत या दोन खुणा बऱ्याचदा वेगवेगळ्या पानांवर असतात आणि लोक पहिली करून थांबतात.

क्वेरिअरला कॅमेऱ्यांच्या व्हीएलएएनमधला (स्विचवर आखलेल्या वेगळ्या आभासी नेटवर्कमधला) खरा आयपी पत्ता द्यावा. दोन क्वेरिअर असले तर लहान पत्त्याचा निवडून येतो, म्हणून मुख्य स्विचला लहान आणि राखीव स्विचला त्याहून मोठा पत्ता ठेवला की मुख्य बंद पडल्यावर राखीव आपोआप विचारू लागतो. गट सोडल्याचा निरोप येताच पोर्ट यादीतून काढणारं ‘फास्ट लीव्ह’ हे सेटिंग एकच यंत्र जोडलेल्या पोर्टवरच ठेवावं. पोर्टखाली दुसरा स्विच असेल तर एका पडद्याने गट सोडताच बाकीचेही अंधारात जातात. आणि चाचणी करताना चित्र आलं म्हणून पेटी आवरू नये, पुरी दहा मिनिटं पडद्यासमोर बसावं.

गटांचे पत्ते वाटतानाही जपावं लागतं. मल्टिकास्टचा आयपी पत्ता इथरनेटच्या पत्त्यात बसवताना त्यातले पाच बिट गळतात, त्यामुळे बत्तीस वेगवेगळ्या गटांचा इथरनेट पत्ता एकच होतो. सांगतात की बिट गळू नयेत म्हणून डीअरिंग यांना इथरनेट पत्त्यांचे सोळा सलग संच हवे होते, एकेकाला हजार डॉलर पडत होते, आणि इंटरनेटच्या क्रमांकांचा कारभार पाहणाऱ्या जॉन पोस्टेल यांनी एकच संच घेऊन त्यातला अर्धा त्यांना दिला. परिणाम असा की २३९.१.१.५ आणि २३९.१२९.१.५ हे दोन गट काही स्विचना आजही एकच वाटतात. एक गट कॅमेऱ्याला आणि दुसरा ड्राइव्हला दिलात तर ड्राइव्हकडे चित्रं जाऊ लागतील.

वीज उपकेंद्रांत मात्र स्नूपिंगचा हा उपाय पुरा पडत नाही. तिथली संरक्षक यंत्रं एकमेकांना ‘गूज’ नावाचे संदेश पाठवतात. तेही गटालाच उद्देशून असतात, पण आयपीच्या खालच्या थरात धावतात. त्यांच्यासाठी कुणी ‘मला हवा’ असा निरोप देत नाही, त्यामुळे स्विचला ऐकण्यासारखं काही नसतंच. ते वेगळ्या व्हीएलएएनमध्ये कोंडावे लागतात आणि कोणत्या पोर्टला तो व्हीएलएएन द्यायचा हे अभियंत्याला हाताने भरावं लागतं.