"पिऊन आलाय, सोड!" : कायदा मात्र सोडत नाही



जत्रा असो, धुळवड असो की लग्नाची वरात, दारू पिऊन धिंगाणा घालणारा एखादा माणूस मुलांना दिसतोच. आपण मोठी माणसं "सोड रे, पिऊन आलाय तो" म्हणून विषय संपवतो. मुलं त्यातून काय शिकतात? प्यायलेल्याला सगळं माफ असतं! नागरिकशास्त्राच्या तासाला हा समज खोडायलाच हवा.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३५५ नुसार नशेत सार्वजनिक ठिकाणी येऊन लोकांना त्रास होईल असं वागणं हा गुन्हा आहे. शिक्षा २४ तासांपर्यंत साधी कैद, किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. समाजसेवा म्हणजे न्यायालयाने सांगितलेलं, लोकांच्या उपयोगाचं, बिनमोबदल्याचं काम. १८६० च्या जुन्या दंड संहितेत हाच दंड जास्तीत जास्त १० रुपये होता! महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी अधिनियमही आहे. त्यानुसारही नशेत रस्त्यावर गैरवर्तन करणं गुन्हाच ठरतं.

मग "मी शुद्धीत नव्हतो" ही सबब चालते का? स्वतःहून प्यायलेल्याला नाही. कुणी नकळत किंवा जबरदस्तीने नशा दिली आणि त्यामुळे आपण काय करतोय हेच कळेनासं झालं, तरच कायदा सूट देतो. नशेत कुणाला मारलं, कुणाची छेड काढली, तर त्या गुन्ह्याची शिक्षा वेगळी. दारू पिऊन गाडी चालवली, तर मोटार वाहन कायद्याने पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. गंमत म्हणूनसुद्धा १८ वर्षांखालील मुलाला दारू देऊ नका. बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

हा पाठ घेताना एक पथ्य पाळा. वर्गात एखादं मूल असं असू शकतं, ज्याच्या घरीच हा त्रास आहे. गावातल्या कुणाचं उदाहरण देऊ नका, नाव तर अजिबात नको. "चूक वागणाऱ्याची असते, त्याच्या मुलांची नाही," हे वाक्य मात्र मुद्दाम, सगळ्यांसमोर म्हणा. आणि फळ्यावर दोन नंबर लिहून ठेवा : तातडीच्या मदतीसाठी ११२, मुलांसाठी १०९८.