नळी उजेडाला धरून पाहा

माजिवडा नाक्याच्या सिग्नलला परवा रिक्षात अडकलो होतो. शेजारच्या स्कूटरवर रक्ताच्या नमुन्यांची थंड पेटी. तिच्यातल्या एखाद्या नळीतला प्लाझ्मा शिरेतून दिलेल्या चरबीने दुधासारखा पांढरा झाला असेल, तर तो पाहणार कोण? माझे जुने दुखणे पुन्हा उसळले.

संपादकांना शिरेतून देण्याच्या चरबीचा इतिहास हवा आहे. तो एका दमात सांगून टाकतो. अमेरिकेतले सरकीच्या तेलाचे लिपोमुल ताप, कावीळ आणि रक्तस्राव मागे ठेवून साठच्या दशकात बाजारातून गेले. त्याच दशकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या आर्विद व्रेटलिंड यांनी सोयाबीनचे तेल अंड्याच्या बलकातल्या फॉस्फोलिपिडने बांधले आणि इंट्रालिपिड आले. अमेरिकेने त्याला 1975 मध्ये परवानगी दिली. तोवर तिकडचे शिरेतून पोसले जाणारे रुग्ण साखर आणि प्रथिनांवर. चरबीअभावी त्यांच्या त्वचेला खवले आले, प्लेटलेटही घसरल्या. गंमत अशी, की चरबी घाईने ओतली तरी प्लेटलेट पडतात. प्लीहेतल्या नि अस्थिमज्जेतल्या भक्षकपेशी तेलाने फुगतात आणि हाताशी येईल ती रक्तपेशी गिळू लागतात.

पांढऱ्या पेशींवरून मात्र भांडण आहे. सोयाबीनऐवजी मासळीचे तेल द्या म्हणणारे आमचे भक्त आयसीयूतल्या प्रत्येक जंतुसंसर्गाचे खापर सोयाबीनवर फोडतात. काचेच्या बशीत सोयाबीनच्या तेलाने न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी मंदावतात, मान्य. खाटेवरच्या माणसात तेच सिद्ध करणे निराळे.

आता माझा विषय. वॉर्डात 'दुधाची बाटली', म्हणजे हीच चरबी, चालू असलेल्या एका बाईंचे हिमोग्लोबिन 10.5 आले, हिमॅटोक्रिट 25. भागाकार केला, एमसीएचसी, म्हणजे तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण, 42! तांबड्या पेशीत एवढे हिमोग्लोबिन मावतच नाही. नळी फिरवली, वरचा पांढरा प्लाझ्मा काढला, तेवढेच सलाइन घातले, हलक्या हाताने मिसळून पुन्हा यंत्राला लावले: 8.3. सकाळी 'रक्त नको' म्हणणाऱ्या निवासी डॉक्टरने दुपारी रक्ताची बाटली मागवली. गढूळ प्लाझ्मा प्रकाश अडवतो, यंत्र ते हिमोग्लोबिन समजते. चरबीचे थेंब एकत्र आले की त्यांनाही प्लेटलेटमध्ये मोजते. रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की सोंग उघडे पडते.

'यंत्र स्वतःच इशारा देते की,' असे एक विद्वान मला भर सभेत म्हणाले होते. देते हो. वाचतो कोण?

आणि प्रोपोफोल? झोपेचे ते पांढरे औषधही दहा टक्के तेलातच येते, मिलिलिटरला 1.1 कॅलरी. तासाला 20 मिलिलिटर चालले तर दिवसाला 528 कॅलरी, त्याही आहाराच्या हिशेबाबाहेरच्या. कोविडच्या दिवसांत कित्येक व्हेंटिलेटरवाल्यांना ते दिवसचे दिवस चालू होते.

पूर्वी वॉर्ड आणि प्रयोगशाळेत एक जिना असायचा. शंका आली की चढून जायचे. आता मधे अख्खा घोडबंदर रस्ता आहे. नळीला बारकोड असतो, रुग्णाची हकीकत नसते.

तेव्हा आयसीयूतल्या सिस्टर आणि डॉक्टरांनो, नमुना चरबी चालू असलेल्या हातातून घेऊ नका. आणि चिठ्ठीवर 'चरबी चालू' एवढे दोन शब्द लिहा.