शिक्षेआधीचे कागद

‘‘सुट्टे पैसे मोजता यायचे का त्याला? एसटीनं एकटा तालुक्याला जायचा?’’

मराठवाड्यातल्या एका वस्तीवर, पत्र्याच्या घरात ताई विचारत होत्या आणि मी बाजूला बसून ऐकत होतो. मुलगा खुनाच्या खटल्यात दोषी ठरलेला. आई एकच सांगत राहिली, ‘‘तसलं काही नव्हतं हो ताई. साधाच होता.’’ खुनी म्हणून नाव झालंच होतं, वर ‘डोक्यानं कमी’ हा शिक्का तिला नको होता; धाकटीचं लग्न व्हायचं होतं. चहा झाला, उन्हं कलली, तेव्हा मावशी बोलली. दुकानात पाठवताना त्याच्या मुठीत नोट आणि चिठ्ठी द्यावी लागे. दुकानदार देईल तेवढे पैसे तो परत आणी. ताईंनी लिहून घेतलं आणि लगेच दुकानदाराचं नाव विचारलं.

ताई वकील नाहीत. समाजकार्य शिकलेल्या आहेत. शिक्षा ठरवताना न्यायाधीशांपुढे आरोपीचं आयुष्य मांडता यावं, म्हणून त्या ते गोळा करतात. गुन्हा ठरवताना आपला कायदा मधली पायरी मानत नाही. मनोविकारामुळे आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हे कळण्याची कुवतच नव्हती, असं सिद्ध झालं तर सुटका. नाहीतर पूर्ण दोषी. इंग्लंडमध्ये १९५७च्या कायद्यापासून घटलेल्या कुवतीमुळे खुनाचा आरोप सदोष मनुष्यवधावर येऊ शकतो. आपल्याकडे ही कुवत मोजली जाते ती शिक्षेच्या वेळी. १९८०च्या बच्चनसिंग खटल्यात ज्येष्ठ वकील डॉ. चितळे यांनी शिक्षा सौम्य करणाऱ्या बाबींची यादी मांडली. तीत तीव्र मानसिक क्षोभ होता, मानसिक दोषामुळे घटलेली समजही होती. या बाबींना मोठं वजन दिलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं.

वजन द्यायचं तर कागद हवेत. बौद्धिक अक्षमता लहानपणापासून असावी लागते, त्यामुळे आजच्या बुद्ध्यंकाच्या आकड्यावर भागत नाही. म्हणून शाळा. हेडमास्तरांनी कपाटाच्या तळातून जनरल रजिस्टर काढलं. पहिलीत पुन्हा पुन्हा तोच मुलगा, मग ‘सतत गैरहजर’ म्हणून नाव कमी. ताईंनी शिक्क्यासह नक्कल मागितली. लहानपणी त्याला फिट येत, पण दवाखान्याचा केसपेपर कुठेच नव्हता. देवऋषीकडे नेलं होतं, आणि देवऋषी पावती देत नाही.

परतताना चौकात एकानं अडवलं. ‘‘मेलेल्याच्या घरी गेला होतात का?’’ प्रश्न रास्त आहे. पण इथे सुटकेची गोष्टच नसते. फाशी की जन्मठेप, एवढंच ठरायचं असतं.

मला राग आला तो कोर्टातल्या घाईचा. दोषी ठरवल्यावर शिक्षेवर स्वतंत्र सुनावणी कायद्यानं सक्तीची आहे. मी पाहिलेल्या एका सुनावणीत बचावाचं म्हणणं तीन वाक्यांत आटोपलं: वय कमी, पहिलाच गुन्हा, घरी म्हातारी आई. मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या २०२२च्या निकालानं फाशीच्या खटल्यांत आरोपीच्या मानसिक तपासणीचा अहवाल सत्र न्यायालयापुढेच ठेवायला सांगितलं. त्याच वर्षी, शिक्षेवरच्या सुनावणीला पुरेसा वेळ म्हणजे किती, हा प्रश्न पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे सोपवला गेला. उशिराची किंमत महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात दिसते: शिक्षेनंतरच्या गंभीर मनोविकारामुळे २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानं एका कैद्याची फाशी रद्द केली, तीही पुनर्विलोकनाच्या टप्प्यावर. निकालपत्रात त्याचं नावही दिलेलं नाही.

विधी सेवा प्राधिकरण गरीब आरोपीला वकील देतं. फाशी होऊ शकेल अशा प्रत्येक खटल्यात, आरोपपत्र दाखल होताच, त्या वकिलासोबत ताईंसारखा एक माणूसही द्यायला हवा. दोषी ठरल्यावर मिळणाऱ्या एका दुपारीत हे काम होत नाही.