खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं चिकट शेवाळ : ओळख, कारणं आणि उपाय



पावसाळ्यात विहिरीच्या पायऱ्यांवर, अंगणातल्या फरशीवर बुळबुळीत शेवाळ धरतं. आपण त्यावरून कधी ना कधी घसरलोही आहोत. असाच बुळबुळीत थर समुद्री माशांच्या टाकीत आला तर काय करायचं, हे आज समजून घेऊ.

मध्यंतरी एका माजी विद्यार्थ्याचा रात्री फोन आला. त्याच्याकडे २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आणि त्यात दोन क्लाउनफिश. म्हणाला, "सर, सगळी वाळू लाल-जांभळी झालीय. परवा हाताने काढली, आज पुन्हा तेवढीच. दुकानातून औषधाची बाटली आणलीय. ओतू का?" मी म्हटलं, "आज नको. आधी ते काय आहे ते बघू." त्या रात्री बाटली ओतली गेली असती तर काय झालं असतं, ते पुढे येईलच.

हे खरंच शेवाळ आहे का?

टाकीत दिसणारा लाल चिकट थर बहुतेक वेळा शेवाळ नसतोच. ते असतात सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू. जुन्या पुस्तकांत त्यांना 'नीलहरित शैवाल' म्हटलेलं आढळतं. शैवालाच्या पेशीत केंद्रक असतं, यांच्या पेशीत नसतं. हा फरक नुसता परीक्षेपुरता नाही, औषधाचा प्रश्न आला की तो कामाला येतो.

हे जीव फार प्राचीन आहेत. पृथ्वीच्या वातावरणात प्राणवायू साठू लागला तो यांच्यामुळेच, सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी एरवी हिरवं दिसतं, त्यामागेही सायनोबॅक्टेरियाच आहेत.

आधी ओळख पटवा

चिकट किंवा तपकिरी थराचे मुख्य प्रकार तीन. प्रत्येकाचा उपाय वेगळा.

१. सायनोबॅक्टेरिया : लाल, जांभळा किंवा गडद हिरवा थर. दुधावरच्या सायीसारखा अख्खा उचलला जातो. दिवसा त्यावर प्राणवायूचे बुडबुडे अडकतात. अनेकदा उग्र वासही येतो.

२. डायटम : तपकिरी धुळीसारखा पातळ थर. बोटाने सहज पुसला जातो. नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत येतो आणि पाण्यातलं सिलिकेट संपलं की बहुधा आपोआप जातो. घाबरू नका.

३. डायनोफ्लॅजेलेट : तपकिरी, शेंबडासारखे लोंबणारे धागे, टोकाला बुडबुडे. यातल्या काही जाती विषारी असतात. टाकीतल्या गोगलगायी मरायला लागल्या तर संशय इथे घ्या.

*करून पाहा :* थोडा थर टाकीच्याच पाण्यात घालून बाटली जोरात हलवा. ते पाणी गाळणकागदातून गाळा आणि तासभर उजेडात ठेवा. गाळलेल्या पाण्यात पुन्हा धागे किंवा गुठळ्या जमल्या तर डायनोफ्लॅजेलेट असण्याची शक्यता जास्त. शाळेचा सूक्ष्मदर्शक मिळाला तर उत्तमच. सायनोबॅक्टेरियाचे बारीक धागे दिसतात, डायटमची काचेसारखी नक्षीदार कवचं दिसतात, तर डायनोफ्लॅजेलेटच्या पेशी अनेकदा हलताना दिसतात.

त्या मुलाच्या टाकीतला थर सायीसारखा उचलला गेला. म्हणजे सायनोबॅक्टेरिया. आता पुढचं त्याबद्दलच.

का वाढतो हा थर?

माशाला घातलेलं खाणं कुठेच नाहीसं होत नाही. काही मासा खातो, काही वाळूत पडून कुजतं. माशाची विष्ठा आणि कुजलेलं अन्न यांतून अमोनिया तयार होतो. टाकीतले उपयोगी जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अन्नातलं फॉस्फेटही पाण्यात उतरतं. समुद्रात हे सगळं अफाट पाण्यात पसरतं. टाकीत ते जाणार कुठे? साठत राहतं, आणि सायनोबॅक्टेरियाला आयतं खत मिळतं.

दुसरं कारण संथ पाणी. जिथे प्रवाह पोचत नाही तिथे गाळ बसतो, आणि थराची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते.

तिसरं कारण नळाचं पाणी. टाकीतलं पाणी उडून जातं, पण मीठ मागे राहतं. म्हणून कमी झालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी घालतात. ते नळाचं असेल तर त्यातलं फॉस्फेट, सिलिकेट दर वेळी आत येतं आणि तिथेच राहतं.

इथे एक गंमत लक्षात घ्या. नायट्रेट अगदी शून्यावर आणलं म्हणजे जिंकलो, असं नाही. काही सायनोबॅक्टेरिया पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायू थेट वापरू शकतात. नायट्रेट नसलं की बाकीचे जीव उपाशी राहतात आणि यांना रान मोकळं मिळतं. समतोल हवा, शून्य नको.

उपाय, क्रमाने

१. थर ओढून काढा. बारीक नळीने वाळूवरून शोषून बादलीत घ्या. हाताने चोळू नका, तुकडे टाकीभर पसरतात. हातमोजे घाला आणि नळी तोंडाने ओढू नका.

२. पाणी बदला. दर आठवड्याला २० टक्के पुरे. साधं गणित करू. नायट्रेट ४० पीपीएम असेल, तर पहिल्या बदलानंतर ३२, दुसऱ्यानंतर २५.६, तिसऱ्यानंतर सुमारे २०.५ आणि चौथ्यानंतर सुमारे १६.४. हे अर्थात नवीन भर पडली नाही तर! २०० लिटरच्या टाकीत एका वेळी ४० लिटर पाणी लागेल. लिटरला साधारण ३५ ग्रॅम धरलं तर सुमारे १४०० ग्रॅम समुद्री मीठ. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. क्षारता आणि तापमान जुळवूनच पाणी आत घाला.

३. शुद्ध पाणी वापरा. आरओचं पाणी चांगलं, पण घरच्या काही यंत्रांत चवीसाठी खनिजं परत मिसळतात. टीडीएस मीटरने तपासा. आकडा शून्याच्या जितका जवळ तितकं उत्तम.

४. प्रवाह वाढवा. पंपाचं तोंड थर येतो त्या कोपऱ्याकडे वळवा.

५. खाणं कमी करा. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच घाला. गोठवलेलं खाद्य असेल तर आधी गाळणीत धुऊन घ्या.

६. एवढं करून थर राहिलाच तर तीन दिवस दिवे बंद ठेवा. पण आधी थर काढूनच! नाहीतर तो टाकीतच मरेल, कुजेल आणि त्याचं खत पुन्हा पाण्यात येईल. या काळात हवेचा पंप सतत चालू ठेवा.

आणि ती बाटली?

या थरावर विकल्या जाणाऱ्या काही औषधांत एरिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक असतं. ते जिवाणूंना मारतं, आणि सायनोबॅक्टेरिया जिवाणूच असल्यामुळे थर मरतोही. पण अमोनियाचं नायट्रेट करणारे आपले उपयोगी कामगारही जिवाणूच आहेत. त्यांना धक्का बसला तर अमोनिया वाढतो. शिवाय मेलेला थर कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतो. रात्री प्रकाशसंश्लेषण बंद असतं, त्यामुळे पहाटेच्या सुमारास प्राणवायू सर्वांत कमी असतो. सकाळी उठावं तर वाळू स्वच्छ आणि मासे मेलेले, असं होऊ शकतं. फोनवर 'आज नको' म्हणालो ते यासाठी. औषध हा शेवटचा उपाय. द्यायचंच झालं तर थर आधी काढून, मात्रा मोजून आणि हवेचा पंप लावूनच.

आमच्या मुलाने बाटली कपाटात ठेवली. खाणं निम्म्यावर आणलं, पंप वळवला, दर रविवारी पाणी बदललं. दुसऱ्या आठवड्यात थर परत आलाच, पण कमी. सहाव्या आठवड्यात वाळू पांढरी दिसू लागली. दोन्ही मासे मजेत आहेत.

लक्षात ठेवा : थर हा रोग नाही, लक्षण आहे. नुसता थर मारला तर तो परत येतो, कारण दूर केलं तर जातो.

स्वाध्याय

१. नीलहरित शैवालाला जिवाणू का म्हणतात?
२. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी खारं पाणी का घालू नये?
३. नायट्रेट ५० पीपीएम आहे. २० टक्के पाणी तीनदा बदलल्यावर किती उरेल? (भर पडत नाही असं समजा.)