जोडीने खेळा, पण फिट आली तर चप्पल हुंगवू नका

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या वस्तीतले दोघे भाऊ रात्री दिवा बंद करून टीव्हीवर ‘कॉन्ट्रा’ खेळत होते. साडेअकराच्या सुमारास थोरल्याला अचानक झटके येऊ लागले. मी धावत पोचले तेव्हा कुणी त्याच्या नाकाला चप्पल लावली होती, कुणी दातांत चमचा घातला होता. मुलगा सावरला, पण पुढचा दात तुटला. त्याच्या आईला मी दोष देत नाही. तिला कुणी कधी सांगितलेच नव्हते. म्हणून हे लिहिते.

‘कॉन्ट्रा’ हा जपानच्या कोनामी कंपनीचा १९८७ सालचा गोळीबाराचा खेळ. नंतर तो टीव्हीला जोडायच्या कॅसेटवर आला आणि आपल्याकडेही घराघरांत खेळला गेला. आज तोच खेळ, आणि त्याच्यासारखे नवे खेळही, मुले जोडीने खेळतात. खेळ वाईट नाही. धबधब्याच्या टप्प्यात एकजण घाईने वर चढला की खाली राहिलेला मरतो, म्हणून दोघांना एकमेकांकडे बघत चढावे लागते. घरच्या कॅसेटमध्ये एकाचे जीव संपले तर जोडीदाराच्या उरलेल्या जिवांतून घेता येतो.

मात्र अशा खेळांत स्फोटांचा प्रकाश सारखा लुकलुकतो. काही थोड्या मुलांच्या मेंदूला तो सोसत नाही आणि फिट येते. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ कार्टूनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश वेगाने चमकला आणि सहाशेहून अधिक मुलांना दवाखान्यात न्यावे लागले. त्यांतल्या बऱ्याच जणांना आधी कधीच फिट आलेली नव्हती. हा मेंदूतल्या विजेचा बिघाड आहे. बाहेरची बाधा नाही, कुणाची नजर नाही.

काय काळजी घ्याल?

खोलीतला दिवा लावूनच खेळू द्या. पडद्यापासून लांब बसवा. अर्ध्या तासाने उठवा. जागरण झालेले असेल तर त्या दिवशी खेळ नको. पडद्याकडे बघून चमत्कारिक वाटू लागले तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून तोंड फिरवायला शिकवा.

फिट आलीच तर?

आजूबाजूच्या टणक वस्तू हलवा. डोक्याखाली घडी केलेले कापड ठेवा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. कांदा-चप्पल हुंगवू नका. झटके थांबले की कुशीवर वळवा. घड्याळ बघा. पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ झटके आले, लागोपाठ दुसरी फिट आली किंवा आयुष्यातली पहिलीच फिट असेल, तर १०८ ला फोन करा.

नंतर डॉक्टरांना दाखवाच. गोळ्या सुरू झाल्या तर बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. मुलगी असेल तर ‘लग्न मोडेल’ म्हणून लपवू नका. लपवलेली फिट चुलीपाशी येते, विहिरीवर येते, आणि तेव्हा जवळ कुणी नसते.

त्या घरी आता धाकटा भाऊ सगळे नीट सांगतो. खेळताना तोच शेजारी बसलेला असतो, म्हणून आधी त्यालाच शिकवले. तुमच्या घरीही शेजारी बसणाऱ्याला आजच शिकवा.