संगणकाचें घड्याळ चुकलें म्हणजे

पैसे मोजून घेतलेलें सॉफ्टवेअर एके दिवशीं "परवान्याची मुदत संपली" असें सांगून उघडेनासें होतें, आणि घरांत नव्या खर्चाची चिंता सुरू होते. अशा वेळीं प्रथम संगणकावरील तारीख व सन पाहावा, असें आम्हीं पालकांस सुचवितों.

मुदतीच्या परवान्यांत आरंभाची व अखेरची तारीख नमूद असते. आज कोणता दिवस आहे, हें पुष्कळ सॉफ्टवेअर संगणकाच्या घड्याळावरूनच ठरवितें. घड्याळ वर्षभर पुढें गेलें, तर चालू परवाना संपलेला ठरतो; फार मागें पडलें, तर तो अद्याप सुरूच झालेला नसतो. शिवाय तारीख मागें नेऊन कोणीं मुदत लांबवूं नये, म्हणून कांहीं सॉफ्टवेअर शेवटीं पाहिलेली तारीख नोंदून ठेवितें. घड्याळ तिच्या मागें दिसतांच त्यास लबाडीचा संशय येतो, आणि प्रामाणिक मनुष्याचेंहि काम अडतें.

संगणक बंद असतां घड्याळ चालतें तें नाण्यासारख्या एका लहानशा बॅटरीवर. मेजावरील पुष्कळ संगणकांत ती सीआर २०३२ जातीची, ३ व्होल्टांची असते. ती क्षीण झाली कीं तारीख कित्येक वर्षें मागें जाऊं शकते.

म्हणून जाणकाराकडून बॅटरी बदलून घ्यावी; कालविभाग भारतीय, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या ५ तास ३० मिनिटें पुढचा, आहे कीं नाहीं तें पाहावें; व वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळूं द्यावी. इतकें करूनहि अडचण राहिल्यास विक्रेत्यास कळवावें. यंत्रास आपला प्रामाणिकपणा दिसत नाहीं, केवळ तारीख दिसते. ती खरी राखणें हें आपलें काम होय.