आरशावर फोडलेले खापर

डीएसएलआर कॅमेऱ्यातला आरसा फोटो काढत नाही. फोटो काढणाऱ्याला समोरचे दृश्य दाखवणे, एवढेच त्याचे मुख्य काम. भिंगातून आत आलेला प्रकाश ४५ अंशांत बसवलेल्या आरशावर पडून वर वळतो, दुधी काचेवर त्याची प्रतिमा उमटते, लोलकातून ती सुलट होते आणि डोळ्याला दिसते. आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. तिथून झिरपणारा थोडा प्रकाश कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या फोकसच्या वेगळ्या सेन्सरकडे जातो. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, शटर उघडते आणि भिंगातला सगळा प्रकाश थेट मुख्य सेन्सरवर पडतो. प्रत्यक्ष फोटो निघतो तेव्हा आरसा वाटेत नसतोच. तेवढ्या क्षणापुरता प्रत्येक डीएसएलआर हा मिररलेसच असतो.

इतकी साधी रचना असूनही ‘मिररलेसमध्ये आरसा नाही, म्हणून प्रकाश जास्त मिळतो, म्हणून फोटो चांगला येतो’ हे वाक्य गिरगावात पाडव्यापासून अनंत चतुर्दशीपर्यंत ऐकू येते. शोभायात्रेत नऊवारी नेसून, फेटा बांधून बुलेटवर निघालेल्या महिलांसमोर कॅमेऱ्यांची भिंत उभी राहते आणि त्या भिंतीत हे ज्ञान कानोकानी पसरते. पुढे त्याची अट होते. लग्नाची ऑर्डर देणारे अल्बम पाहण्याआधी ‘मिररलेस आहे ना?’ असे विचारतात. मंडळाचे कार्यकर्ते तेच विचारतात. मग कोणी तरी धडधाकट डीएसएलआर आणि दोन-तीन चांगली भिंगे फोर्टातल्या बोरा बाजारात मिळेल त्या भावाला फुंकतो आणि मिररलेस बॉडी व किट लेन्स घेऊन घरी येतो. रात्रीच्या मिरवणुकीत त्याचे फोटो पूर्वीपेक्षा वाईट येतात. ते का, याचे उत्तर पुढे आहे.

आरसा प्रकाश खातो की नाही, हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, कंपनीनेच तुलना मांडून ठेवली आहे. निकॉनने २०१८ मध्ये झेड६ हा मिररलेस आणि २०२० च्या जानेवारीत डी७८० हा डीएसएलआर असे दोन कॅमेरे बाजारात उतरवले. दोन्हींचा सेन्सर फुल फ्रेम, २४.५ मेगापिक्सेलचा. दोन्हींत एक्स्पीड ६ हा प्रोसेसर. दोन्हींची आयएसओची मूळ मर्यादा १०० ते ५१,२००. निकॉनच्या ॲडाप्टरने झेड६ला डीएसएलआरचेच भिंग लावता येते. तेच भिंग, तेच ॲपर्चर, तोच शटरचा वेग आणि तोच आयएसओ ठेवला, तर दोन चित्रे शेजारी ठेवून कोणते कोणाचे हे ओळखणाऱ्याला बक्षीस द्यायला हरकत नाही. शिवाय डी७८० मध्ये आरसा वर करून मागच्या पडद्यावर पाहत फोटो काढला, की फोकसही सेन्सरवरच्या त्याच २७३ बिंदूंनी होतो, जे झेड६ मध्ये आहेत. आरसा असलेला कॅमेरा आरसा उचलून मिररलेसचे काम करतो, आणि हे त्याच्या माहितीपत्रकात छापलेले आहे.

प्रकाश खाणारे आरसे होऊन गेले, हे मात्र खरे. कॅननच्या १९६५ च्या पेलिक्समध्ये न हलणारा अर्धपारदर्शक आरसा होता, आणि सोनीने २०१० पासून काही वर्षे त्याच तत्त्वाचे डिजिटल कॅमेरे विकले. त्यांत प्रकाशाचा सुमारे तिसरा हिस्सा खरोखरच फिल्मपर्यंत किंवा सेन्सरपर्यंत पोहोचत नसे. पण ‘मिररलेस घ्या’ म्हणून आग्रह करणाऱ्यांपैकी कोणाच्याही डोळ्यांसमोर पेलिक्स नसतो.

आरशाचा दुसरा खरा दोष म्हणजे त्याचा धक्का. तो उचलला जाताना कॅमेरा किंचित हादरतो. चौपाटीवर तिपाई लावून मरीन ड्राइव्हच्या दिव्यांचा फोटो टेलीलेन्सने घेताना शटरचा वेग १/१५ सेकंदाच्या आसपास असेल, तर हा हादरा चित्रात दिसू शकतो. उघडझाप दहा सेकंदांची असेल तर तो हिशेबातही धरण्याजोगा नसतो. आरसा आधीच वर करून ठेवण्याची सोय बहुतेक डीएसएलआरमध्ये असते. ती वापरली की हा प्रश्नही संपतो.

मग मिररलेसचे फोटो अनेकांना चांगले दिसतात, तो भास म्हणायचा का? नाही. पण कारण प्रकाश हे नव्हे, फोकस हे आहे. डीएसएलआरमध्ये फोकस ठरवणारा सेन्सर आणि फोटो टिपणारा सेन्सर वेगवेगळे असतात. दोघांची अंतरे अगदी काटेकोर जुळली नाहीत, तर फोकस डोळ्यावर धरला तरी स्पष्ट उमटते ती नाकाची नथ किंवा कानामागची बट. एफ/१.४ किंवा एफ/१.८ वर ही चूक लगेच उघडी पडते. मिररलेसमध्ये टिपणारा आणि फोकस करणारा सेन्सर एकच असल्याने ही तफावत राहत नाही. त्यातच चेहरा आणि डोळा ओळखून त्याचा माग ठेवण्याची सोय आली, आणि ढोलपथकात पुढे-मागे झुलणाऱ्या वादकाचा डोळा सलग वीस फोटोंत स्पष्ट मिळू लागला. हा फायदा मोठा आहे आणि तो निर्विवाद आहे. उजेड किती धरला जाईल हे बटण दाबण्याआधीच दिसणे, हाही तसाच. दोन्हींमुळे वाया जाणारे फोटो कमी होतात. जो फोटो नीट आला, तो मात्र डीएसएलआरवर नीट आलेल्या फोटोपेक्षा वेगळा नसतो.

तुलना करण्याची रीतही गैरसमजाला खतपाणी घालते. २०१२-१३ चा सुरुवातीचा डीएसएलआर किट लेन्ससह एका बाजूला, आणि कालपरवाचा फुल फ्रेम मिररलेस भारी भिंगासह दुसऱ्या बाजूला. या दोघांत सेन्सरचा आकार, त्याची पिढी, प्रोसेसर आणि भिंग असे चार फरक असतात. श्रेय मात्र पाचव्याला, न दिसणाऱ्या आरशाला जाते.

आता रात्रीच्या मिरवणुकीचा हिशेब. विसर्जनाच्या रात्री प्रकाश किती मिळणार, हे ठरते ॲपर्चर आणि शटर यांवर. किट लेन्स झूम करून ५० एमएमच्या आसपास नेली की तिचे ॲपर्चर साधारण एफ/५.६ होते. ५० एमएम एफ/१.८ हे सगळ्यांत स्वस्त भिंगांपैकी एक. ५.६ला १.८ने भागून वर्ग केला, तर उत्तर सुमारे ९.७ येते, म्हणजे स्वस्त प्राइम भिंगातून जवळजवळ दसपट प्रकाश आत येतो. क्रॉप सेन्सरवरून फुल फ्रेमवर गेल्यास क्षेत्रफळ सुमारे ३६७ चौरस मिलिमीटरवरून ८६४ वर जाते, म्हणजे जेमतेम सव्वादोन पटींहून थोडे अधिक. आरसा काढल्याने मिळणारा प्रकाश शून्य. बोरा बाजारात एफ/१.८ चे भिंग विकून किट लेन्स आणणाऱ्याचे फोटो का बिघडले, ते या तीन आकड्यांत आहे.

बॉडीतल्या स्थिरीकरणाने हे भरून निघेल, असा युक्तिवाद यावर होतो. स्थिरीकरण फोटो काढणाऱ्याच्या हाताचा कंप सावरते, समोरच्याचा नाही. १/१५ सेकंदावर चाळीचा कठडा स्पष्ट येईल. ढोलावर पडणारे टिपरू मात्र पुसटच येईल.

आरसा नसणे ही नवी युक्ती आहे, हा समज तर गिरगावात तरी टिकू नये. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी रँग्लर परांजपे यांच्या १९०१ सालच्या स्वागताचे चौपाटीवर चित्रण केले, तो कॅमेरा बिनआरशाचा होता. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून आणलेला विल्यमसन कॅमेराही तसाच. त्याच कॅमेऱ्यावरचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी इथल्याच कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला. १९२५ मध्ये विक्रीला आलेल्या लायकातही आरसा नव्हता. आरसा पुढे मुद्दाम घालावा लागला, कारण भिंगातून नेमके काय दिसते ते फिल्म न बिघडवता पाहण्याचा दुसरा सोयीचा मार्ग नव्हता. डिजिटल सेन्सर ते दृश्य थेट पडद्यावर दाखवू लागला, तेव्हा आरशाची गरज सरली. अदलाबदलीच्या भिंगांचा असा पहिला मायक्रो फोर थर्ड्स कॅमेरा, पॅनासॉनिकचा जी१, २००८ मध्ये आला. सोनीचे फुल फ्रेम ए७ आणि ए७आर २०१३ मध्ये, निकॉन झेड आणि कॅनन ईओएस आर २०१८ मध्ये.

गैरसमजाला दुसरे बळ मिळते ते उद्योगाच्या बातम्यांतून. २०२१ च्या अखेरीस कॅननच्या अध्यक्षांनी ईओएस-१डी एक्स मार्क ३ हा आपला शेवटचा अग्रणी डीएसएलआर असल्याचे सांगितले. जुलै २०२२ मध्ये जपानच्या ‘निक्केई’ने निकॉन नवे एसएलआर विकसित करणे थांबवत असल्याचे छापले. निकॉनने त्याला तर्क म्हटले आणि उत्पादन, विक्री व सेवा चालू असल्याचे कळवले. त्यानंतर नवा डीएसएलआर मात्र दोघांपैकी कोणीच आणला नाही. बातमीचा गाभा खरा. तिच्यावरून ‘लोक चांगल्या फोटोसाठी मिररलेसकडे धावले, म्हणून डीएसएलआर मेला’ असा जो निष्कर्ष निघतो, तो आकड्यांत सापडत नाही.

जपानी कॅमेरा उत्पादकांची संघटना सिपा दरवर्षी कारखान्यांतून निघालेल्या मालाची मोजदाद जाहीर करते. तिच्यानुसार २०१२ मध्ये सुमारे १ कोटी ६२ लाख डीएसएलआर आणि सुमारे ४० लाख मिररलेस बाहेर पडले. २०१९ मध्ये डीएसएलआर ४५ लाखांवर घसरले होते आणि मिररलेस पुन्हा ४० लाखांच्याच आसपास होते. सात वर्षांत एका बाजूने एक कोटीहून अधिक गिऱ्हाईक गेले आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ कोणीच वाढले नाही. मिररलेसने डीएसएलआरला मागे टाकले ते २०२० मध्ये, आणि तेही स्वतः २९ लाखांपर्यंत उतरून. गेलेले गिऱ्हाईक फोनकडे गेले. बारसे, सहल आणि शाळेचे संमेलन टिपण्यासाठी घरात एक डीएसएलआर असावा असे वाटणारा वर्ग तो. मिररलेसची खरी वाढ त्यानंतरची आहे: २०२३ मध्ये सुमारे ४८ लाख.

कंपन्यांचे गणित वेगळे आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. आरशाची यंत्रणा, लोलक, फोकसचा वेगळा सेन्सर आणि या सगळ्यांची काटेकोर जुळवणी यांचा खर्च वाचतो. नवा माउंट आणला की भिंगे नव्याने विकता येतात. गिऱ्हाइकाने हे आपल्या फोटोच्या भल्यासाठी चालले आहे असे समजू नये, इतकेच.

बाकीचे गैरसमज थोडक्यात उरकतात.

मिररलेस हलका असतो. बॉडी हलकी असते: बॅटरी आणि कार्डासह डी७८० चे वजन ८४० ग्रॅम, झेड६ चे ६७५. भिंगांचे तसे नाही. निकॉनचे २४-७० एफ/२.८ मिररलेससाठी १,०७० ग्रॅमवरून ८०५ वर आले, कॅननचे ८०५ वरून ९०० वर गेले. अर्थात कॅननने त्यात स्थिरीकरण घातले आणि निकॉनने काढले.

एक बॅटरी दिवसभर पुरते. सिपाच्या चाचणीत एकाच जातीच्या बॅटरीवर डी७८० सुमारे २,२६० फोटो काढतो, झेड६ सुमारे ३१०. चाचणी कडक आहे, सलग फोटो काढताना आकडा बराच वाढतो, पण सेन्सर आणि पडदा सतत चालू राहतात हे टळत नाही. विसर्जनाला दोन बॅटऱ्या जवळ असाव्यात.

ॲडाप्टरने दर्जा उतरतो. कंपनीच्या साध्या ॲडाप्टरमध्ये काच नसते, ते फक्त भिंग योग्य अंतरावर धरते. निकॉनच्या जुन्या, मोटर नसलेल्या एएफ-डी भिंगांचा ऑटोफोकस मात्र एफटीझेड ॲडाप्टरवर चालत नाही.

आवाज न करणारे शटर नेहमी वापरावे. बहुतेक मिररलेसचा सेन्सर इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. तेवढ्यात मंडपाच्या एलईडी दिव्यांची उघडमीट झाली की चित्रात आडवे पट्टे उमटतात. रोषणाईत यांत्रिक शटरच बरे. सगळा सेन्सर एका झटक्यात वाचणारा सोनी ए९ ३ हा २०२३ चा कॅमेरा याला अपवाद आहे, आणि त्याची किंमतही अपवादात्मक आहे.

मेगापिक्सेल जास्त, फोटो चांगला. १२ बाय १८ इंचांचा फोटो ३०० डीपीआयला छापायला साडेएकोणीस मेगापिक्सेल लागतात. नाक्यावरचा फ्लेक्स दहा फुटांवरून पाहिला जातो, त्याला याहून कमी चालतात.

आरसा नाही म्हणजे धूळ नाही. उलट आहे. भिंग काढले की मिररलेसचा सेन्सर अनेक कॅमेऱ्यांत थेट उघडा पडतो. कॅननच्या ईओएस आरसारखे काही कॅमेरे बंद केल्यावर शटर खाली येते, निकॉन झेड८ आणि झेड९ मध्ये वेगळा पडदा आहे. तशी सोय नसेल तर गुलाल उधळला जात असताना भिंग बदलू नये.

पावसाळ्यात कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवावा. तांदूळ हवेतला ओलावा फारसा ओढत नाहीत, त्यांची पूड मात्र भिंगाच्या कड्यांत शिरते. बुरशी आरसा पाहून येत नाही, ती दमट हवेत भिंगांच्या आत वाढते, आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हवा दमटच असते. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि स्वस्तातला आर्द्रतामापक घेऊन काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवला की पुरते. जेल ओले झाले की तापवून पुन्हा वापरता येते.